चौदाव्या दिवसाची लीद

अल धैद, पहाटे पावणेपाच.
फवारे अजून चालू. वाळूच्या मधोमध
तीन एकर विकतचं हिरवं
ओलं ओलं चमकतंय.
दिलमुराद हातमोजा उलटा करून घेऊन येतो
शम्साची लीद, अजून कोमट.
पिशवीवर माझंच अक्षर: दिवस चौदा.

चार ग्रॅम. एक काडी उचलतो, एक काडी ठेवतो.
छप्पन्न मिली मिठाचं पाणी,
खोर फक्कानच्या समुद्राहून खारट.
मग गाळणी
(ही चहाची नाही, असं तिच्यावर चार भाषांत लिहिलंय,
तरी एकदा चुकलंच).
काचेच्या दोन खणांत भरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं.
अंडी हलकी, वर येतात.
जड ते सगळं तळाला बसतं.

पातळ कवच, आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी.
पहिल्या वर्षी मी डॉक्टर इसमतना म्हणालो,
रांगोळीत काढावीत अशी आहेत ही.
ते सुदानचे. रांगोळी म्हणजे काय, हे समजावण्यात
चहा गार झाला.

बावीस.
पुन्हा मोजतो. बावीसच.
औषधाआधी सव्वीस होती.
म्हणजे सफरचंदाच्या वासाची ती पांढरी पेस्ट
पोटात गेली, पाहुण्यासारखी फिरली,
आणि सलाम करून बाहेर पडली.

अबू सक्र म्हणतात, दुप्पट द्या. दर महिन्याला द्या.
एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घोड्यांना द्या.
मला शून्य पाहिजे.
डॉक्टर चष्मा पुसत राहतात.
शून्य मागितलं म्हणूनच हे झालं, शेख.
दहा वर्षं, दर दोन महिन्यांनी, सरसकट,
वजन नजरेने.
दुबळे होते ते मेले.
ज्यांना चव मानवली
त्यांनी संसार थाटले.

नजरेने.
माझे वडील सारंगखेड्याच्या बाजारात नाल ठोकायचे.
पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीत एकच बाटली फिरायची,
तट्टू, खोंड, शेळी,
लहानाला एक झाकण, मोठ्याला दोन,
आणि तळाशी उरलेला घोट मला,
गुळाच्या खड्याबरोबर.
कुणी काही मोजलं नाही.
मी मोजायला इतक्या लांब आलो.

आता फळ्यावर फक्त सात नावांपुढे लाल ठिपका.
जास्त अंडी टाकणारे हेच सात.
बाकीच्यांना हात लावायचा नाही.
अबू सक्रांचा आवाज चढतो:
माझ्या घोड्यांच्या पोटात तुम्ही मुद्दाम किडे ठेवणार?
डॉक्टर अरबीत शब्द शोधतात, सापडत नाही.
मला मराठीत सापडतो, पण तो इथे कुणाला सांगू:
बी राखायचं.
दुबळ्यांचं बी.
मस्तवालांच्या लेकी त्यांच्या घरी पडल्या पाहिजेत,
नाहीतर सगळी सोयरीक आपसातच.

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग शेख विचारतात,
लीद कोण उचलणार? आठवड्यातून दोनदा, तीन एकर?
दिलमुराद छताकडे बघतो.
मी माझ्या बुटांकडे.

तर आम्ही दोघं, आणि एक ढकलगाडी,
तिच्या चाकात हवा कमी.
वाळूतली लीद दुपारपर्यंत काडीसारखी सुकते,
तिच्यात कुणी जगत नाही.
खरी भीती हिरव्यात.
गवताच्या पात्यावर, फवाऱ्याच्या थेंबात,
डोळ्यांना न दिसणारं कुणीतरी वर चढून
शम्साच्या ओठांची वाट बघतंय.
दिलमुराद तिला बलुचीत शिव्या देतो.
ती त्याच्या खिशात खजूर हुंगते.

फ्रिजमधल्या कुलुपाच्या खणात
दुसऱ्या औषधाच्या सात नळ्या.
त्यांच्यानंतर काय, ते डॉक्टरांना विचारलं नाही.
चावी त्यांच्या गळ्यात असते.
आज शम्साला तराजूवर चढवलं. चारशे बारा किलो.
नजरेने मी साडेतीनशे म्हणालो असतो.

नवी पिशवी घेतो, मार्करचं टोपण दातांनी काढतो,
लिहितो: दिवस शून्य.
एवढंच शून्य आहे, शेख,
आमच्याकडे.